पाहुण्यांसाठी बांधलेली पट्टी

“डॉक्टरबाई, सगळ्यांच्या पट्ट्या परत बांधा. दोन्ही डोळ्यांच्या.”

शिबिराचे अध्यक्ष दारात उभे राहून हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. वॉर्ड म्हणजे औशातल्या एका शाळेचा वर्ग. बाकं बाहेर काढून खाटा टाकलेल्या. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस होता आणि बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्यांच्या पट्ट्या मी नुकत्याच काढून संपवल्या होत्या.

“परत कशाला?”

“उद्या मंत्रीसाहेब येणार आहेत. पट्ट्या त्यांच्या हातानं सोडायच्या. अंधारातून उजेडाकडं, असा कार्यक्रम ठेवलाय.”

“ऑपरेशनच्या डोळ्यावर हिरवी झापड आहे. ती उचलू देत त्यांना.”

“झापडीत काय मजा आहे? दोन्ही डोळे बांधलेले पायजेत. पट्टी सोडली की म्हातारीला मंत्री दिसले पायजेत. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला मी काय सांगू.”

एवढं सांगून झाल्यावर तुम्हाला काय सांगू म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे नांदेडच्या ज्या ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नोकरीला होते तिथले प्रमुख सर्जन. हात सोन्याचा. चाळीस ऑपरेशनं एका दिवसात उरकायचे आणि वर चहा गार झाला म्हणून रागवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बांधा हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

मी बांधल्या. पुढचं सगळं या दोन शब्दांत आलं, पण ते उलगडून सांगायला हवं.

तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. आज सकाळी येतात आणि संध्याकाळी गॉगल लावून घरी जातात. तेव्हा बुबुळाच्या कडेने अर्धगोल चिरा घ्यायचा, अख्खा मोतीबिंदू काढायचा आणि रेशमाच्या दोऱ्याने टाके घालायचे. आत भिंग बसवायची सोय नव्हती. दीड महिन्याने जाड काचेचा चष्मा. माणसाचे दोन्ही डोळे जोडीने फिरतात. एक झाकून दुसरा उघडा ठेवला तर उघडा इकडेतिकडे बघतो आणि झाकलेला त्याच्याबरोबर आत फिरतो. टाके ताणतात. म्हणून पहिले दोन दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तिसऱ्या दिवशी ती काढायची आणि नुसती हिरव्या कापडाची झापड लावायची, म्हणजे खालून उजेड येत राहतो. ही पद्धत आमच्या दवाखान्याची, साहेबांनीच घालून दिलेली.

अशी शिबिरं थंडीत घ्यायची. घाम नसतो, माशा कमी असतात. हे शिबिर मार्च संपता संपता घेतलं, कारण लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नव्या जिल्ह्यात जो तो काहीतरी पहिलं करायच्या घाईत होता. पहिला मेळावा, पहिलं प्रदर्शन, पहिलं शिबिर. पाऊस मात्र कोणी पहिला आणला नव्हता. विहिरींच्या तळाला भेगा होत्या. शाळेत रोज एक टँकर यायचा आणि एका पेशंटला दिवसाला एक बादली, त्यातच पिणं, तोंड धुणं, सगळं. आंघोळीचं नावच नव्हतं. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि आत गोणपाटाचा अंधार.

शेवंताबाई या वॉर्डातल्या तिसऱ्या खाटेवर होत्या. साठीच्या आसपास वय, जवळच्याच एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उजव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, त्या डोळ्याचा काही उपयोग नव्हता. सगळी भिस्त डाव्यावर. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये त्या डाळ निवडायला बसायच्या. डाव्यात मोती वाढला तशी डाळ आणि खडा एकच दिसायला लागला. मुकादमाने उठवलं. “डोळा करून ये, जागा ठेवतो,” एवढं म्हणाला, हीच त्याची माणुसकी. सून दुष्काळी कामावर खडी फोडत होती. शेवंताबाईंना तिच्या जिवावर बसून खायचं नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी मला विचारलं होतं, “बाई, खडा दिसंल ना? मानसं न्हाई दिसली तरी चालतंय.”

त्या सकाळी पट्टी काढल्यावर मी त्यांच्यासमोर बोटं धरली.

“किती?”

“दोन.” मग मान मागे घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमी काळ्या हाव का गोऱ्या ते कळंना. पर बाई हाव, एवढं दिसलं.”

सगळा वॉर्ड हसला. तासाभराने मी पुन्हा पट्टी घेऊन गेले तेव्हा त्या स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करत होत्या.

“आता कशापायी?”

“उद्या पाहुणे येणार आहेत, मावशी. त्यांच्या हातानं सोडायची आहे.”

“पाव्हण्याला त्याचं काई काम न्हाई का?” म्हणाल्या, आणि चेहरा पुढे केला.

त्यांचा मुलगा गौतम तिथेच उभा होता. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत त्याला नुकतंच शिपाई म्हणून घेतलं होतं, तेही तात्पुरतं. त्याच्या साहेबांच्या कानावर आई शिबिरात आहे हे गेलं होतं. मंत्री पहिली पट्टी शेवंताबाईंचीच सोडणार असं ठरलं, ते तिथून. तो मला हळूच म्हणाला, “म्याडम, बांधा तुमी. माझे सायेब म्हनले, तुझ्या मायचा फोटो येईल, तुझं बी काम पक्कं होईल. मी समजावतो मायला.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मंत्री आले नाहीत. हार सुकले, मांडववाला कुरकुरला. दुपारी निरोप आला की एका गावात टँकरवरून लोकांनी रस्ता अडवलाय, साहेब तिकडे गेले. शनिवारी नक्की. मी पुन्हा मोठ्या साहेबांकडे गेले.

“सर, आता तरी सोडू या. पाचवा दिवस लागेल उद्या.”

“रोज ड्रेसिंग होतंय ना? थेंब पडतायत ना?”

“पडतायत. पण टॉर्च लावून दोन मिनिटं, की परत पट्टी. म्हाताऱ्या माणसांचे दोन्ही डोळे इतके दिवस बंद ठेवले तर ती भ्रमतात, सर. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात बरंच असतं. पुढच्या वर्षी इथं आपला दवाखाना व्हायचाय, जागेचा अर्ज गेलाय. दोन दिवसांनी कोणी मरत नाही.”

हे खरं होतं. कोणी मेलं नाही.

डोळे बांधलेले म्हातारे भ्रमतात, एवढंच तेव्हा आम्हाला माहीत होतं. का, ते नीट कळायला मला निवृत्तीची वेळ यावी लागली. डोळा नुसता बघण्यासाठी नसतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना चेहरा, अक्षर, खडा यांच्याशी देणंघेणं नाही. बाहेर उजेड आहे की अंधार, एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्या घड्याळावर शरीरातली हॉर्मोन्स चालतात. हॉर्मोन म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. अंधार पडला की झोपेचा निरोप सुटतो, मेलाटोनिन त्याचं नाव. पहाटेला दुसरा सुटतो, कॉर्टिसॉल. तो माणसाला उठवतो, आणि अंगाची आग, खाजही दाबून ठेवतो. रात्री तो उतरतो, आणि म्हणूनच खरूज असो की घामोळं, खाज रात्री जास्त सुटते. हे डॉक्टरने सांगायची गरज नाही, ज्याला खाज सुटली आहे त्याला ते ठाऊक असतं. सकाळी डोळ्यांत ऊन गेलं की हे घड्याळ रोज जाग्यावर येतं. उजेड मिळाला नाही तर ते लगेच बंद पडत नाही, पण सरकायला लागतं. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूमुळे आधीच उजेड कमी जात होता, त्याचं आधीच सैल असतं. शेवंताबाईंचं सगळं उजेडामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. वय होतं, परकी जागा होती, डोळ्यांत टाकत होतो त्या थेंबांनीही म्हाताऱ्यांचं डोकं फिरतं. पण या सगळ्यावर एक साधा उपाय गोणपाटापलीकडे फुकट पडलेला होता आणि तो आम्ही त्यांना द्यायला तयार नव्हतो.

शुक्रवारी त्या दिवसभर झोपल्या. संध्याकाळी जाग्या झाल्या आणि विचारलं, “उजाडलं का?” बाजूच्या खाटेवरची म्हणाली, “दिवस बुडला की, माय.” त्यांना ते खोटं वाटलं. घामाने चिकटपट्टीखालचं कातडं लाल झालं होतं, कपाळ आणि गाल फोडांनी भरले होते. त्या सारखा हात वर न्यायच्या. कमलसिस्टर, आमची वॉर्डातली नर्स, हात खाली धरून बसायची.

“म्याडम, म्हातारी बरी न्हाई बरं का,” शनिवारी सकाळी ती मला म्हणाली. “मला सूनबाई म्हनून राहिली. घागर कुठं ठिवली विचारून राहिली.”

मी गेले. नाडी ठीक, ताप नाही. “मावशी, मी कोण?”

“मिलातली हाव ना तू? लई खाजतंय गं. सोड की हे.”

माझा हात चिकटपट्टीच्या टोकाला गेला होता. हे मी कुठेही सांगत नाही, इथे सांगते. टोक मी अर्धा इंच उचललंही. मग वाटलं, अजून तीन तास. बारा वाजता मंत्री येतायत. पहिली पट्टी हिची. हिचीच सोडलेली दिसली तर साहेब काय म्हणतील, अध्यक्ष काय म्हणतील, गौतमचं काय होईल. गौतमचं नाव मी सोयीसाठी घेतलं. मला माझी नोकरी कायम व्हायची होती. वर्षाचा रिपोर्ट साहेब लिहिणार होते. मी टोक दाबून बसवलं, वरून पावडर टाकली, आणि अर्धी झोपेची गोळी द्यायला सांगितली. भ्रमलेल्या माणसाला झोपेची गोळी दिली तर तो जास्त भ्रमतो, हेही मला माहीत होतं.

पावणेबाराला लाउडस्पीकर सुरू झाला. सिस्टरना साड्या नीट करून मांडवात रांगेत उभं केलं होतं, ओवाळायला. वॉर्डात कोणी नव्हतं. त्याच वेळी शाळेच्या मागच्या फाटकातून टँकर आत आला आणि त्याने हॉर्न दिला.

शेवंताबाईंच्या वस्तीवर टँकर पहाटे यायचा. हॉर्न वाजला की अंधारात उठून पळायचं, नाहीतर नंबर जायचा. भर दुपारी बारा वाजता त्या पहाट झाली म्हणून उठल्या. डोळ्यांवर काय आलंय म्हणून त्यांनी पट्टी ओरबाडली, खाजत होतं तिथे बोटांनी जोरात चोळलं, आणि पळाल्या. दाराची कड लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या व्हरांड्यात, कडक उन्हात बसल्या होत्या, तोंड वर करून.

“नंबर धर गं माझा,” म्हणाल्या.

डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी पापणी उचलली. दोन टाके सुटले होते. जखमेतून बाहुलीभोवतीचा काळा पडदा बाहेर आला होता. डोळ्याच्या डॉक्टरला यापुढचं सांगावं लागत नाही.

साहेबांनी मांडवातून उठून लगेच ऑपरेशन केलं. ते मी नाकारणार नाही. बाहेर आलेला भाग कापला, पुन्हा टाके घातले. मंत्री त्या दिवशीही आलेच नाहीत. रविवारी आले. शेवंताबाईंची खाट तोवर मुख्याध्यापकांच्या खोलीत हलवली होती. मंत्र्यांनी चौथ्या खाटेवरच्या बाईची पट्टी सोडली. “काय दिसतं, आजी?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “लई मानसं दिसायलीत.” टाळ्या झाल्या. गौतम हारांचं ताट धरून मागे उभा होता. फोटो आला त्यात त्याचा फक्त कोपर आहे.

चार दिवसांनी डोळ्यात पू झाला. आम्ही शेवंताबाईंना नांदेडला आणलं, होती नव्हती ती सगळी इंजेक्शनं दिली. डोळा गेला. नुसती नजर गेली नाही, डोळाच काढावा लागला.

केसपेपर पुरा करायचा राहिला होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“लिहा. रुग्णाने सूचनांचे पालन न करता स्वतःच्या हाताने पट्टी काढली.”

“सर, पट्टी तिसऱ्या दिवशी मी काढली होती. परत बांधली.”

“ते केसपेपरवर आहे का?”

नव्हतं. परत बांधल्याची नोंद कोणी करत नाही, कारण परत बांधण्याचं वैद्यकीय कारण लिहावं लागतं.

“हे खोटं आहे, सर.”

“खोटं कुठंय? काढली ना तिनं?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “डॉक्टर, चौकशी लागली तर ड्रेसिंगच्या चार्टवर सही कोणाची आहे?”

माझी होती. मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

बाहेर आले तर व्हरांड्यात गौतम उभा होता. मला वाटलं हा आता भांडेल. मी मनाची तयारी केली होती, खरं तर मला ते हवंच होतं. तो म्हणाला, “म्याडम, कुठं लेखी तक्रार जाऊ नये. एक जन म्हनून राहिला होता अर्ज कर म्हनून. मी न्हाई म्हनलं. आत्ताच चिकटलोय. मायला मी सांगितलंय, तुझ्याच हातून झालं म्हनून.”

“तुम्ही असं सांगितलंत?”

“मग काय सांगू? सायबानं केलं सांगू? ती गप बसंल का?”

तो शिपाई होता, मी सर्जन होते, आणि आम्ही दोघं एकाच कारणासाठी एकच खोटं बोलत होतो. त्याचं कारण निदान पोटाचं होतं.

माझी नोकरी त्या वर्षी कायम झाली. पुढे स्वतःचा वॉर्ड मिळाल्यावर मी नियम केला की पट्टी डॉक्टर ठरवेल तेव्हा सुटेल, सकाळी, खिडकी उघडून, आणि म्हाताऱ्या पेशंटचे दोन्ही डोळे बांधायचेच नाहीत. पाहुण्यांना वॉर्डात यायला मनाई नव्हती, फक्त त्यांना तिथे काही सोडायला मिळायचं नाही. लोक मला शिस्तीची म्हणत. शिस्त कसली, चुकलेल्या माणसाची सावधगिरी होती ती.

शेवंताबाईंचा डिस्चार्ज मीच केला. गौतम रिक्षा बघायला गेला होता. त्या बाकावर बसल्या होत्या, डोळ्याच्या खाचेवर स्वच्छ ड्रेसिंग, मांडीवर गाठोडं. डोकं पूर्ण ठिकाणावर आलेलं. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

“बाई, एक बोलू का?”

“बोला ना, मावशी.”

“तुमी एवढी मेहनत केली. चांगला केलता डोळा, दिसलं बी होतं मला. म्याच मेलीनं वाटोळं केलं. ध्यान न्हाई राहिलं, कसं केलं ते बी आठवंना.” त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. “तुमच्या नावाला बट्टा लागला माझ्यापायी. राग धरू नका.”

खरं सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. गौतम अजून आला नव्हता, व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं, साहेब ऑपरेशनला होते. मी त्यांचा हात सोडवून घेतला आणि म्हणाले, “असू द्या, मावशी. होतं असं.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं.